लॅपटॉपचा चार्जर, एक्स्टेंशन आणि परदेशी पिना: काय कशाला चालतं आणि काय नाही

भिंतीतल्या सॉकेटपासून लॅपटॉपपर्यंत वीज चार ते सहा तुकड्यांतून येते. सॉकेट, कधी मध्ये एक्स्टेंशन बोर्ड, प्रवासात असाल तर पिन बदलणारा प्लग, मग चार्जरची सुटी वायर, मग तो काळा किंवा पांढरा ठोकळा, आणि शेवटी लॅपटॉपमध्ये घुसणारी बारीक वायर. यातला सर्वांत महाग तुकडा म्हणजे ठोकळा, आणि काळजीही सगळे त्याचीच करतात. ‘तिकडचं व्होल्टेज वेगळं आहे, जळणार तर नाही ना?’ हा प्रश्न परदेशी निघालेला जवळपास प्रत्येक जण विचारतो. खरं तर या साखळीत सगळ्यात समंजस तोच आहे. शंभर व्होल्ट द्या, अडीचशेच्या जवळ द्या, तो सांभाळून घेतो. जळतात ते बाकीचे, म्हणजे सैल पिन, बारीक तारेचं एक्स्टेंशन आणि कुठलीही पिन घेणारं ‘युनिव्हर्सल’ सॉकेट. दोन धातू एकमेकांना नीट टेकत नाहीत तिथे उष्णता तयार होते, आणि भानगड तिथूनच सुरू होते. म्हणून ठोकळ्याचं लेबल एकदा नीट वाचून त्याच्याबद्दल निश्चिंत व्हायचं आणि उरलेलं लक्ष सांध्यांकडे द्यायचं.

लेबल वाचा

ठोकळा उलटा करा. अक्षरं इतकी बारीक असतात की मोबाइलने फोटो काढून मोठा करणंच सोयीचं. तो फोटो जपूनही ठेवा, चार्जर हरवला की नेमका तोच लागतो. चिन्हांच्या आणि प्रमाणपत्रांच्या गर्दीत आपल्याला दोनच ओळी हव्या आहेत. एका नेहमीच्या चार्जरवर त्या अशा असतात:

इनपुट: १००-२४० व्होल्ट, १.५ अँपिअर, ५०-६० हर्ट्झ
आउटपुट: १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, ६५ वॅट

इनपुटच्या ओळीत ‘१००-२४०’ आणि ‘५०-६०’ दिसलं की जगातल्या कुठल्याही देशाच्या घरगुती विजेवर हा चार्जर चालतो. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, भारतात आणि युरोपात २३०. जपानात तर पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ, एकाच देशात दोन्ही. चार्जरला याचं काही वाटत नाही, कारण आत आलेल्या एसी (सतत दिशा बदलणाऱ्या) विजेचं तो सगळ्यात आधी डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करून टाकतो. २३० व्होल्टच्या विजेचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टचं असतं, तेवढं डीसी आत तयार होतं. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच ते सेकंदाला हजारो, बहुतेकदा लाखाच्या घरात वेळा तोडतो-जोडतो, छोटा ट्रान्सफॉर्मर ते खाली आणतो आणि पुन्हा डीसी करून लॅपटॉपला देतो. किती वेळ जोडायचं आणि किती वेळ तोडायचं हे बदलून बाहेरचं व्होल्टेज पक्कं ठेवलं जातं. त्यामुळे आत येणारं व्होल्टेज खालीवर झालं तरी बाहेर १९.५ च राहतं. एवढ्या वेगाने तोडजोड होते म्हणूनच ट्रान्सफॉर्मर काडेपेटीएवढा पुरतो, नाहीतर ६५ वॅटसाठी किलो-दीड किलोचं लोखंड सोबत बाळगावं लागलं असतं.

लेबलवर फक्त ‘२२०-२४०’ किंवा फक्त ‘१००-१२०’ लिहिलं असेल तर मात्र हे लागू नाही. लॅपटॉपच्या चार्जरवर असं क्वचितच दिसतं, पण जुन्या स्पीकरच्या, प्रिंटरच्या किंवा राउटरच्या चार्जरवर दिसू शकतं. ते उपकरण वेगळ्या व्होल्टेजच्या देशात थेट लावू नका.

आता त्या १.५ अँपिअरबद्दल. काही जण हा आकडा बघून हिशेब मांडतात: १.५ गुणिले २३० म्हणजे ३४५ वॅट, बापरे! हा हिशेब चुकीचा आहे. तो आकडा म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थितीतला, साधारण १०० व्होल्टवर पूर्ण भार असतानाचा कमाल करंट. ६५ वॅटचा चार्जर पूर्ण जोरात चालताना भिंतीतून ७५ वॅटच्या आसपास घेतो, आणि २३० व्होल्टवर त्याचा करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास राहतो. लॅपटॉप हा विजेच्या बाबतीत किरकोळ गिऱ्हाईक आहे, ही गोष्ट एक्स्टेंशनचा विचार करताना कामाला येईल.

लेबलवरच्या तीन खुणाही ओळखून ठेवा. एका चौकोनात दुसरा चौकोन असेल तर तो चार्जर दुहेरी आवरणाचा, त्याला अर्थिंगची गरज नाही. गोलातल्या रोमन ‘सहा’चा अर्थ विजेच्या बचतीची सहावी पातळी: लॅपटॉप न जोडता प्लग नुसता भिंतीत राहिला तर लॅपटॉपच्या आकाराचा चार्जर ०.२१ वॅटपेक्षा जास्त खात नाही. रात्रभर चार्जर लावून ठेवल्यामुळे बिल वाढल्याची तक्रार त्यामुळे फारशी खरी नाही. तिसरी खूण म्हणजे एका ठिपक्याभोवती अर्धवर्तुळ आणि दोन बाजूंना अधिक-उणे. ही गोल पिनेची दिशा दाखवते: अधिक मध्ये की बाहेर. लॅपटॉपमध्ये जवळपास नेहमीच अधिक मध्ये असतो, पण दुसऱ्या कुठल्या उपकरणाचा चार्जर ‘पिन बसते म्हणून’ लावण्याआधी ही खूण बघा.

बदली चार्जर घेताना

व्होल्ट तोच हवा. १९ आणि १९.५ मधला फरक बहुतेक लॅपटॉप खपवून घेतात. १९ च्या जागी १२ किंवा २४ चालणार नाही. अँपिअर तेवढाच किंवा जास्त. यावर नेहमी शंका येते की जास्त अँपिअरचा चार्जर लॅपटॉपमध्ये जादा करंट ‘ढकलेल’ का? नाही. करंट लॅपटॉप ओढतो, चार्जर ढकलत नाही. ९० वॅटचा चार्जर ६५ वॅटच्या लॅपटॉपला लावला तर तो आरामात चालतो आणि कमी तापतो. उलट केलं, ४५ वॅटचा ६५ वॅटच्या लॅपटॉपला लावला, तर तीनपैकी एक होतं: बॅटरी हळू चार्ज होते, लॅपटॉप बंद असतानाच चार्ज होते, किंवा चार्जर जास्त भारामुळे सारखा स्वतःला बंद करत राहतो. नीट बनवलेला असेल तर बंद करतो म्हणा. हलक्या प्रतीचा असेल तर नुसता तापत राहतो.

पिनेच्या मापाला लोक कमी लेखतात. गोल पिना बाहेरून सारख्या दिसतात, पण कुणाचा बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर आणि आतला २.५, कुणाचा ५.५ आणि २.१, कुणाचा ४.५ आणि ३.०, जुन्या एचपी-डेलचा ७.४ आणि ५.०. यातली फसवी जोडी म्हणजे २.५ आणि २.१. २.५ चं भोक असलेला प्लग २.१ च्या कांडीवर सहज बसतो, लॅपटॉप चार्जही होतो. पण आत चार दशांश मिलिमीटरची मोकळीक राहते, लॅपटॉप हलला की चार्जिंग तुटतं-जुळतं, आणि तीन-चार अँपिअर करंट एका कडेवरून वाहत राहतो. काही महिन्यांत लॅपटॉपचं भोकच खराब होतं. दुकानातला माणूस ‘बसतंय की!’ म्हणाला तरी एकदा बोटाने हलवून बघा.

डेल आणि एचपीच्या बऱ्याच पिनांमध्ये मधोमध केसासारखी बारीक सुई असते. ती वीज नेत नाही, ती चार्जरची ओळख सांगते. ती वाकली, तुटली, किंवा बदली चार्जरमध्ये ओळख सांगणारी चिपच नसली, की लॅपटॉप चालू तर होतो पण चार्जर ओळखता येत नसल्याचा संदेश देतो, वेग कमी करतो आणि बॅटरी चार्ज करायचं नाकारतो. अशा वेळी लोक बॅटरी बदलून मोकळे होतात, आणि दोष त्या सुईत निघतो.

यूएसबी-सी असेल तर

इथे कारभार वेगळा आहे. चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. मग लॅपटॉप आणि चार्जर केबलमधून एकमेकांशी बोलतात: तुझ्याकडे काय काय आहे? ५, ९, १५, २०. मला २० दे. ठरलं की मगच व्होल्टेज चढतं. त्यामुळे फोनचा १८ वॅटचा यूएसबी-सी चार्जर लॅपटॉपला लावला तर जळत काही नाही. लॅपटॉप ‘हळू चार्ज होतंय’ म्हणतो किंवा त्याकडे दुर्लक्षच करतो. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर फोनला लावला तरी फोन त्याला हवं तेवढंच मागतो.

लोक अडकतात ते केबलपाशी. साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. त्याच्या वर जायचं तर ५ अँपिअरची केबल लागते, जिच्या टोकात स्वतःची ओळख सांगणारी चिप असते. ती नसेल तर १०० वॅटचा चार्जर आणि १०० वॅट घेणारा लॅपटॉप असूनही साठावरच गाडी थांबते. २०२१ मध्ये यूएसबी-सी चार्जिंगचं मानक २४० वॅटपर्यंत वाढवलं गेलं, तिथे व्होल्टेज ४८ पर्यंत चढतं आणि त्यासाठी २४० वॅट छापलेलीच केबल लागते. ‘नवा चार्जर घेतला तरी हळूच चार्ज होतोय’ या तक्रारीत आधी केबल बदलून बघा.

दोन-तीन तोंडांच्या चार्जरवरचा मोठा आकडा सगळ्या तोंडांचा मिळून असतो. ६५ वॅटच्या चार्जरला लॅपटॉप लावलाय आणि शेजारी फोन लावला की बरेचसे चार्जर क्षणभर सगळं तोडून वाटणी नव्याने करतात, ४५ आणि २० अशी काहीतरी. लॅपटॉपचं चार्जिंग मध्येच गेलं-आलं तर घाबरायचं कारण नाही.

युरोपीय संघात छोट्या उपकरणांना २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून यूएसबी-सीवर चार्ज होण्याची सक्ती आहे. गोल पिनांचा घोळ त्यामुळे हळूहळू सुटेल, भिंतीकडच्या पिनांचा मात्र नाही.

आख्खा चार्जर नव्हे, नुसती वायर बदला

बहुतेक चार्जरच्या ठोकळ्यातून भिंतीकडे जाणारी वायर सुटी होते. तिचं ठोकळ्याकडचं तोंड आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असतं आणि प्रकार मोजून तीनच भेटतात. दोन गोल एकमेकांना चिकटल्यासारखं, दोन भोकांचं: सी७. तीन पाकळ्यांचं: सी५. आणि डेस्कटॉप संगणकाला लागतं ते मोठं, तीन चपट्या भोकांचं: सी१३. पहिली दोन २.५ अँपिअरची, तिसरं १० अँपिअरचं. कंपनी कुठलीही असो, सी५ म्हणजे सी५.

म्हणजे वेगळ्या पिनांच्या देशात राहायला जाताना नवा चार्जर नको आणि पिन बदलणारा डबाही नको. तिकडच्या पिनेची सी५ किंवा सी७ वायर घ्या आणि ठोकळ्यात खोचा. मधला एक सांधा कायमचा जातो, अर्थिंग शाबूत राहतं, आणि भिंतीतून लोंबणारं ओझंही नसतं. दोन-चार दिवसांच्या प्रवासात लॅपटॉप, फोन, कॅमेरा सगळंच लावायचं असेल तर डब्याला अर्थ आहे. सहा महिने राहायचं असेल तर वायरच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

अॅपलच्या आणि काही इतर चार्जरमध्ये पिनांचा तुकडाच सरकवून काढता येतो. त्या देशाचा तुकडा मिळाला तर उत्तम. अॅपलच्या ठोकळ्यातल्या त्या खोबणीत साधी सी७ वायरही बसते, हे अनेकांना माहीत नसतं. सुट्या तुकड्यांच्या चार्जरमध्ये ‘टक’ आवाज येईपर्यंत तुकडा बसवा. अर्धवट बसलेला तुकडा भिंतीत राहतो आणि ठोकळा हातात येतो, मग भिंतीतून उघडे धातू डोकावतात.

कुठे कुठली पिन

सगळे प्रकार पाठ करायची गरज नाही. नेहमी गाठ पडणारे सांगतो (यातल्या ‘सी’चा मघाच्या सी५-सी७ वायरींशी संबंध नाही). उत्तर अमेरिका आणि जपानात दोन चपट्या समांतर पट्ट्या, प्रकार ए. त्यालाच गोल अर्थिंग जोडलं की बी. जपानात बरीच सॉकेटं फक्त दोन भोकांची, त्यामुळे बी ची तिसरी पिन अडते. ती पक्कडीने तोडू नका, दोन पिनांची वायर घ्या. युरोपच्या मुख्य भूमीवर दोन गोल पिना. यातली बारीक, ४ मिलिमीटरची ती सी, आणि जाड, ४.८ मिलिमीटरची अर्थिंगवाली ती ई किंवा एफ. ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग आणि आखातात बऱ्याच ठिकाणी तीन आयताकृती पिनांचा जी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि चीनमध्ये तिरप्या चपट्या पिनांचा आय. भारत आणि नेपाळमध्ये तीन गोल पिनांचा डी, आणि जड उपकरणांसाठी त्याचाच थोराड भाऊ एम.

जी प्रकाराच्या प्लगमध्ये फ्यूज असतो, हे त्याचं वैशिष्ट्य. लॅपटॉपच्या वायरीला ३ अँपिअरचा पुरतो. तिथे १३ चा बसवू नका, कारण फ्यूज चार्जरला नव्हे, वायरीला वाचवण्यासाठी असतो. या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर झाकणं असतात आणि लांब अर्थिंग पिन आत गेली की ती उघडतात. दोन पिनांचा प्लग घुसवण्यासाठी वरच्या भोकात पेन, चावी किंवा कात्री खुपसायची युक्ती सर्रास चालते. पेनने ती झाकणं उघडतात खरी, पण लहान मुलांच्या बोटांपासून बचावासाठी केलेली सोय आपणच मोडीत काढतो. शिवाय दोन गोल पिना आयताकृती खाचेत नीट धरल्या जात नाहीत.

त्याहून लबाड प्रकरण सी आणि डी च्या जोडीचं. सी च्या दोन पिनांमधलं अंतर सुमारे १९ मिलिमीटर, डी च्या भोकांमधलंही १९. त्यामुळे युरोपी प्लग डी सॉकेटमध्ये बिनतक्रार जातो. पण भोक ५.१ मिलिमीटरच्या पिनेसाठी आणि पिन ४ ची. आत पितळेच्या दोन पाकळ्या पिनेला दोन्ही बाजूंनी दाबून धरायच्या असतात, त्या बारीक पिनेला जेमतेम एका रेषेत टेकतात. फोनच्या चार्जरला हे निभावून जातं. त्याच पिनेवर वरून ठोकळ्याचं वजन लोंबत असलं की टेकणारी रेषा कमी-जास्त होत राहते, आतून ‘चिर्र चिर्र’ असा बारीक आवाज येतो आणि काही दिवसांत पिनेच्या एका बाजूला काळपट डाग उठतो. तो डाग दिसला की समजा, तिथे ठिणग्या पडल्या आहेत. डाग पडलेली पिन घासून पुसून वापरू नका, आणि तिच्यामुळे ताणलेलं सॉकेटही बदलून घ्या, नाहीतर पुढचा चांगला प्लगही तिथे सैलच बसेल.

पिन बदलणारा प्लग विकत घेताना

हा फक्त आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. लॅपटॉप, फोन, कॅमेऱ्याला तेवढंच पुरतं. केस सुकवायचं यंत्र, इस्त्री, पाण्याची किटली मात्र एकाच व्होल्टेजची असते आणि हजार ते दोन हजार वॅट खाते. १२० व्होल्टचं केसांचं यंत्र २३० वर लावलं तर ते जवळपास चौपट वीज ओढायला बघतं आणि काही क्षणांत संपतं.

घेताना त्यावर अँपिअर किंवा वॅट छापलेले आहेत का बघा. छापलेलेच नसतील तर ठेवून द्या. अर्थिंग आरपार जातं का ते बघा. अनेक ‘जगभर चालणाऱ्या’ डब्यांत तिसरं भोक असतं पण त्यामागे काहीच नसतं. वापरताना ठोकळा जमिनीवर किंवा टेबलावर टेकवा आणि भिंतीत फक्त हलका प्लग राहू द्या. आणि डब्यावर डबा चढवू नका.

धातूच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या का येतात

चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूवर मनगट घासलं की बारीक कंप जाणवतो, जणू पृष्ठभाग खरखरीत झालाय. हा चार्जरच्या बिघाडाचा पुरावा नाही. ठोकळ्यात तयार होणारा, रेडिओत खरखर आणणारा विजेचा गोंगाट दाबण्यासाठी भिंतीकडची बाजू आणि लॅपटॉपकडची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर (वीज तात्पुरती साठवणारा भाग) असतो. त्यातून अगदी थोडा, एक मिलिअँपिअरहूनही कमी करंट झिरपतो. अर्थिंग असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो. दोन पिनांच्या वायरीने चार्जर लावला असेल तर तुमच्या अंगातून जायची वाट बघतो.

उपाय सोपा आहे: चार्जरला तीन पिनांची सोय असेल तर तीन पिनांची वायर आणि खरं अर्थिंग असलेलं सॉकेट वापरा. त्यानंतरही झिणझिण्या येत असतील तर घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि झिणझिण्या नसून हात मागे खेचावा असा झटका बसत असेल तर तो चार्जर तिथल्या तिथे बंद करा, तो पुन्हा वापरायचा नाही.

एक्स्टेंशन: आकडे वायरीवर असतात

बोर्डावर किती सॉकेटं आहेत यावरून काही कळत नाही. वायर हातात घ्या आणि तिच्या आवरणावर कोरलेलं वाचा. ‘३ गुणिले ०.७५’ असं काहीतरी असेल. पहिला आकडा म्हणजे आत किती तारा, दुसरा म्हणजे एका तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये. साधारण हिशेब असा: ०.७५ ला ६ अँपिअर, १.० ला १०, १.५ ला १५-१६.

पहिला आकडा ‘२’ असेल आणि बोर्डावर तीन भोकांची सॉकेटं असतील, तर ते अर्थिंग निव्वळ दिखाऊ आहे. स्वस्त बोर्डात हे इतक्या वेळा आढळतं की मी बोर्ड उचलला की आधी तेवढंच बघतो.

जाडीचा एवढा बाऊ का, ते एका उदाहरणाने बघू. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरमागे सुमारे ०.०२६ ओहम. दहा मीटर एक्स्टेंशन म्हणजे जायचे दहा आणि यायचे दहा, वीस मीटर; विरोध सुमारे अर्धा ओहम. लॅपटॉपचा अर्धा अँपिअर त्यातून गेला तर वायरीत एक वॅटचा आठवा भाग उष्णता, म्हणजे काहीच नाही. त्याच वायरीवर २००० वॅटचा हीटर लावला तर करंट पावणेनऊ अँपिअर, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: चाळीस वॅट. मोकळ्या पसरलेल्या वायरीतून ती हवेत निघून जाते, वायर कोमट लागते. वायर गुंडाळलेलीच असेल, गालिच्याखाली किंवा सोफ्यामागे दाबलेली असेल, तर ती आतच साठते आणि प्लास्टिक मऊ होऊ लागतं. रिळावरच्या एक्स्टेंशनवर म्हणूनच दोन आकडे छापतात, पूर्ण उलगडल्यावर किती आणि गुंडाळलेलं असताना किती, आणि दोन्हींत मोठा फरक असतो.

तेव्हा एका बोर्डावर लॅपटॉप, दोन मॉनिटर, राउटर, फोन, टेबललॅम्प लावले तरी चिंता नाही. सगळे मिळून दोनशे-तीनशे वॅट. त्यात इस्त्री, किटली किंवा हीटर घुसला की चित्र बदलतं. अशी उपकरणं थेट भिंतीत लावा. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडू नका. दर जोडणीत सांधे वाढतात, आणि पहिल्या बोर्डाच्या वायरीला सगळ्यांचा भार एकटीने वाहावा लागतो.

‘स्पाइक गार्ड’ लिहिलेल्या बोर्डात एक भाग असतो जो व्होल्टेज अचानक उसळलं की ती उसळी स्वतःवर घेतो. प्रत्येक उसळीबरोबर तो थोडा झिजतो. काही बोर्डांवर ‘संरक्षण चालू’ असा छोटा दिवा असतो. तो विझला तर बोर्ड चालत राहील, पण संरक्षण गेलेलं असेल. विजांच्या कडकडाटात मात्र कशावरही विसंबू नका, प्लग काढून ठेवा.

बोर्ड जुना असेल तर एक तपासणी करा. नेहमीचा भार अर्धा तास चालू ठेवा, मग स्विच बंद करून प्लग उपसा आणि प्लगच्या अंगाला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, पिनेपाशी प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल किंवा माशासारखा वास येत असेल, तर तो बोर्ड किंवा सॉकेट बदला.

जोडताना

आधी वायर ठोकळ्यात पक्की खोचा, मग प्लग भिंतीत, मग स्विच चालू. चालू स्विचमध्ये प्लग खुपसला की ‘टच्’ करून ठिणगी पडते. आतला कपॅसिटर रिकामा असतो आणि भरताना क्षणभर खूप करंट ओढतो. चार्जर त्याने बिघडत नाही, पण दर ठिणगीला पिन आणि सॉकेटचं पितळ थोडं खरवडलं जातं.

ठोकळा गादीवर, उशीखाली ठेवू नका. पूर्ण भारावर त्याचं अंग पन्नास अंशांपर्यंत किंवा थोडं वरही जातं, ते चालतं, पण हवा लागायला हवी. वायर गुंडाळताना ठोकळ्यातून निघते तिथे एक सैल वळण सोडा, मग गुंडाळा. वायरी तुटतात त्या मधून नव्हे, ताठ मुडपलेल्या टोकापाशी. लॅपटॉपकडच्या टोकाजवळचा जाड गोळा काढून टाकायचा नसतो. तो फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाचा, विजेचा गोंगाट गाळण्यासाठीचा आहे.

चार्ज होत नसेल तर या क्रमाने बघा

भिंतीकडून सुरुवात करा. त्याच सॉकेटमध्ये दुसरं काही लावून बघा. एक्स्टेंशन आणि पिन बदलणारा डबा वगळून चार्जर थेट भिंतीत लावा. बऱ्याचदा दोष इथेच सापडतो.

मग ठोकळ्यातली सुटी वायर काढून पुन्हा घट्ट खोचा. ती अर्धवट निसटलेली असणं हा फार नेहमीचा प्रकार. घरात दुसरी सी५ किंवा सी७ वायर असेल तर ती लावा. ठोकळ्यावरचा दिवा तरीही लागला नाही तर प्लग काढून एक-दोन मिनिटं थांबा. जास्त भार किंवा शॉर्ट झाल्यावर ठोकळा स्वतःला कुलूप घालून घेतो आणि आतली वीज ओसरल्यावरच उघडतो.

लॅपटॉप जोडताच दिवा विझत असेल तर बहुधा लॅपटॉपमध्ये किंवा त्याच्या भोकात शॉर्ट आहे, नाहीतर चार्जरला भार पेलत नाही. दिवा लागलेला राहतो पण चार्ज होत नाही, तर टोकापाशी वायर हलकेच वाकवून बघा. एका कोनात चार्ज होत असेल तर आतली तार तुटली आहे. चिकटपट्टी गुंडाळून तो कोन टिकवायचा मोह आवरा, तुटक्या तारेच्या टोकाशी तीन-चार अँपिअरच्या ठिणग्या पडत असतात. मल्टिमीटर असेल तर गोल पिनेच्या आत आणि बाहेर टोकं टेकवून लेबलवरच्या आकड्याच्या आसपास व्होल्टेज मिळतंय का बघा, टोकं एकमेकांना लागू न देता. यूएसबी-सीला ही चाचणी करू नका, बोलणी झाल्याशिवाय तिथे २० व्होल्ट मिळणारच नाहीत.

व्होल्टेज बरोबर आहे, त्याच लेबलच्या दुसऱ्या चार्जरनेही चार्ज होत नाही, तर लॅपटॉप बंद करून टॉर्चच्या उजेडात त्याचं भोक बघा. यूएसबी-सीच्या भोकात खिशातला, पिशवीतला भुसा दाबून बसतो आणि प्लग पूर्ण आत जात नाही. तो लाकडी टूथपिकने हळूच निघतो. गोल भोकातली मधली कांडी हलत असेल तर ते भोक बदलावं लागेल. अनेक लॅपटॉपमध्ये ते छोट्या वायरीने जोडलेलं सुटं असतं आणि मुख्य बोर्डाला हात न लावता बदलता येतं, म्हणून दुरुस्तीला देताना ‘आधी फक्त भोक बघा’ असं आवर्जून सांगा.